दाराशी उभा परका

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या दाराशी जितकी माणसे येऊन जातात तितकी वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही आठवड्यात येत नसतील. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव येतो. मग पोस्टमन, गुरखा, झाडूवाला हे आपापली पोस्त मागायला येतात. आणि ती मागताना त्यांना संकोच वाटत नाही, कारण ती वर्षभराच्या कष्टांची राहिलेली फेड असते. पण या सर्वांच्या मागून एखादा अगदी अनोळखी मनुष्य येतो. कपडे बरे असतात, बोलणे मवाळ असते. लातूरला दवाखान्यात बायको आहे, औषधाला पैसे कमी पडले आहेत, गावाकडे गेलो की परत आणून देतो, असे काहीसे तो सांगतो. मग घरात क्षणभर शांतता पसरते. आजोबा आतून म्हणतात, "द्या काही तरी, सणाचा दिवस आहे." सूनबाई हळूच म्हणतात, "मामंजी, मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत हीच बायको नांदेडच्या दवाखान्यात होती." आणि ज्याच्या खिशात पैसे असतात तो घरधनी दोघांच्या मध्ये उभा राहतो.

आपल्या भाषेने या प्रसंगासाठी किती शब्द जपून ठेवले आहेत पाहा. माधुकरी वेगळी, जोगवा वेगळा, कोरान्न वेगळे. भिक्षा आणि भीक या तर सख्ख्या बहिणी, पण एकीला पाटावर बसवायचे आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवायचे. निजामी अमलामुळे आपल्या मराठवाड्यात खैरात, सदका हेही शब्द घरचेच झाले. आणि नकारासाठी मात्र एकच वाक्य, तेही अर्धे क्षमेचे: "माफ करा बाबा, पुढं जा." ज्याला काही द्यायचे नाही त्याचीच माफी मागायची ही रीत मला नेहमी मोठी मार्मिक वाटत आली आहे. नकार देणाऱ्याच्या मनात कोठे तरी खुपत असते, त्याची ती कबुलीच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. भाकरी मागणाऱ्याची कोणी फारशी चौकशी करीत नाही. पैसा मागणाऱ्याची करतात. नांदेडच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी येथे देह ठेवला आणि त्यांच्या स्थानाशी जो लंगर चालतो, त्याच्या पंगतीत बसणाऱ्याला कोणी नाव, गाव, जात विचारीत नाही. अन्न डोळ्यांदेखत पोटात जाते. त्याचे दुसरे काही होईल ही भीती देणाऱ्याला नसते. पैसा मात्र दाराबाहेर पडला की दिसेनासा होतो, आणि मग मनात शंका शिरते.

ही शंका बहुतेक सर्व धर्मांच्या लोकांना छळत आली आहे. पण ख्रिस्ती मंडळींना तिने जितके अडचणीत टाकले तितके दुसऱ्या कोणाला टाकले असेल असे वाटत नाही. याचे कारण त्यांच्या ग्रंथातच आहे. येशूने डोंगरावरील प्रवचनात मागणाऱ्याला द्यावे असे सांगितले, आणि सांगताना 'पात्र असेल तर' ही सवलत ठेवली नाही. त्याच ग्रंथात पुढे पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिले आहे की, ज्याला काम करायचे नाही त्याने जेवणाचीही अपेक्षा करू नये. दोन्ही वचने एकाच पुस्तकात, आणि पुस्तक रोज उशाशी. आता दाराशी आलेल्या माणसाला यांपैकी कोणते लावायचे? जवळजवळ दोन हजार वर्षे ही मंडळी याच प्रश्नाशी झगडत आहेत, आणि त्या झगड्यातली काही पाने आपल्या महाराष्ट्रात, त्यातही निजामाच्या जुन्या मुलखाच्या आसपास लिहिली गेली आहेत.

प्रथम जुने पाहू. कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथसंग्रहात १८७३ साली एक प्राचीन ग्रीक हस्तलिखित सापडले आणि १८८३ साली ते छापून प्रसिद्ध झाले. 'बारा प्रेषितांची शिकवण' या नावाने ते ओळखले जाते. पहिल्या दुसऱ्या शतकातील लहानलहान ख्रिस्ती मंडळ्यांनी कसे वागावे, याचे ते नियमांचे टिपण आहे. त्या काळी गावोगाव हिंडणारे उपदेशक असत. आपल्याकडील बैराग्यांसारखे ते कोणाच्याही दारी उतरत. त्यांच्याविषयीचे नियम वाचून हसू येते, इतके ते व्यवहारी आहेत. पाहुण्याला प्रभूसारखे मानून घरात घ्यावे. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही तर तो लबाड समजावा. जाताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. त्याने पैसे मागितले तर मात्र तो खरा संदेष्टा नव्हे. आणि त्याच टिपणात दुसरीकडे असेही म्हटले आहे की, कोणाला द्यायचे ते नीट कळेपर्यंत दानाच्या नाण्याला हाताचा घाम लागला तरी चालेल. मुठीत घट्ट धरलेले नाणे, भिजलेला तळवा आणि समोर वाट पाहणारा माणूस: दान करणाऱ्याच्या मनाची घालमेल इतक्या थोडक्यात सांगणारे चित्र माझ्या तरी वाचनात दुसरे नाही.

हे नियम अनुभवावाचून आलेले नव्हते. लूशियन नावाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक विनोदी लेखकाने पेरेग्रीनस नावाच्या एका भोंदूची हकीकत लिहून ठेवली आहे. हा गृहस्थ ख्रिस्ती झाला, तुरुंगात पडला आणि भोळ्या मंडळींनी आणलेल्या पैशांवर तेथेच गबर झाला. लूशियन ख्रिस्ती लोकांना हसतो. पण हसताहसता तो नकळत एक साक्ष देऊन जातो. तुरुंगाच्या दाराशी पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ मुले वाट पाहत उभी असत, असे तो सांगतो. फसवणूक झाली हे खरे, पण विधवा आणि पोरकी मुले ही त्या मंडळीची माणसे होती, हेही तितकेच खरे.

पुढे मंडळ्या मोठ्या झाल्या आणि मुठीतले नाणे यादीत गेले. इ. स. २५१ च्या सुमारास रोमच्या बिशपाने लिहिलेल्या पत्रात, आपली मंडळी पंधराशेहून अधिक विधवांना आणि गरजूंना पोसते, असा आकडा आहे. चौथ्या शतकात सम्राट जुलियन हा ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. त्यालाही आपल्या पुरोहिताला लिहावे लागले की, हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात आणि आमची लाज जाते. शत्रूने दिलेल्या या प्रशस्तिपत्रकाइतकी खरी प्रशस्ती क्वचितच कोणाला मिळाली असेल.

परंतु यादी आली की यादीबाहेरचा माणूसही येतो. अंत्युखियाचा प्रसिद्ध धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तम याच्या काळी, म्हणजे चौथ्या शतकाच्या अखेरीस, त्या शहराच्या मंडळीच्या यादीत तीन हजार विधवा आणि कुमारिका होत्या. तरीही देवळाच्या वाटेवर भिकाऱ्यांच्या रांगा असत. त्यांतले काही जुन्या जोड्यांचे चामडे चावून दाखवीत, काही डोक्यात खिळे ठोकून घेत, कोणी कडाक्याच्या थंडीत उघड्या अंगाने गोठलेल्या पाण्यात उभे राहत. श्रोत्यांचे म्हणणे, ही ढोंगे आहेत. क्रिसोस्तमने उलटा हिशेब मांडला: हे ढोंग त्यांना तुम्ही शिकवले, साधे रडून तुम्ही काही दिले असते तर डोक्यात खिळा ठोकण्याची पाळी त्यांच्यावर का आली असती? न्यायाधीशासारखे भिकाऱ्याची उलटतपासणी घेणाऱ्या आपल्या श्रीमंत श्रोत्यांना त्याने वारंवार झोडपले आहे. दोघांचेही म्हणणे खरे होते, ढोंग होतेच आणि भूकही होतीच.

आता आपल्या मुलखात येऊ. जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. ती वसवणारे नारायण शेषाद्री हे मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. (त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत जातीत घेण्यावरून त्या वेळी मुंबईत आणि पुण्यात जे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची जी बाजू घेतली, ती हकीकत स्वतंत्र लेखाची आहे.) शेषाद्री पुढे जालन्याला आले. त्यांच्याकडे आलेली माणसे बहुतेक मांग आणि महार समाजातली. गावकीतला हक्क, बलुते, राहती जागा ही सर्व गावाच्या हातात. धर्म बदलला की हे सारे सुटे. अशा माणसाला रोज दोन आणे देऊन काय होणार? शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली आणि एका मुसलमान दिवाणाने एका ख्रिस्ती ब्राह्मणाला, मांग-महारांच्या वस्तीसाठी ती दिली. याहून चमत्कारिक आणि याहून मनोहर असा दानपत्राचा व्यवहार निजामाच्या दफ्तरात फारसा झाला नसेल.

१८७३ साली हेच शेषाद्री न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेला गेले. अंगात देशी पोशाख, डोक्याला पागोटे. त्या काळचा मिशनरी दौरा म्हणजे निम्मे व्याख्यान आणि निम्मी झोळी. म्हणजे दाराशी उभा राहणारा परका या वेळी मराठी होता आणि दार होते अमेरिकेचे! आपण नेहमी मिशनऱ्याला देणारा म्हणून ओळखतो; तो आयुष्यभर मागणाराही होता, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

मागणे आणि देणे ही दोन्ही टोके एकाच आयुष्यात ज्यांनी पाहिली, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव मला सर्वांत मोठे वाटते. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि धर्मांतराविषयी इतके लिहिले गेले आहे की, त्यांच्या भुकेविषयी लिहायचे राहून गेले आहे. त्यांनी स्वतः मात्र ते लिहिले आहे, आणि ते वाचताना हातातला घास खाली ठेवावासा वाटतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे दानी. गंगामूळच्या आश्रमात येणाऱ्या यात्रेकरूंना आणि विद्यार्थ्यांना जेवू घालताघालता ते कर्जात बुडाले. मग सर्व कुटुंब पुराणे सांगत तीर्थे करीत हिंडू लागले. पुराण ऐकून लोक धान्य, दक्षिणा देत. ती भीक नव्हे, वाचनाचा मान. मिळालेल्या पैशांतूनही क्षेत्रोक्षेत्री ब्राह्मणभोजने आणि दाने चालूच. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली, देवापुढे टाकायला होते तेही गेले. मजुरी करावी तर शास्त्र्यांच्या घरात ती कोणाला येत नव्हती. भीक मागावी तर जीभ उचलत नव्हती. झाडपाला खाऊन दिवस काढले. शेवटी म्हाताऱ्या वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचे ठरवले, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की, मी हमाली करीन पण तुम्ही हे करू नका. वडिलांनी ऐकले. पण थोड्याच दिवसांत ते गेले. हे साल १८७४.

त्यांच्या मागून आई अंथरुणाला खिळली. तापाच्या भरात ती बाजरीची भाकरी मागू लागली. पंडितांची ही मुलगी, पंधरा-सोळा वर्षांची, हजारो श्लोक मुखोद्गत. ती शेजारच्या एका ब्राह्मणबाईच्या दारी जाऊन उभी राहिली. आणि तोंडातून शब्द निघेना. तोंड पाहूनच त्या बाईला काय ते कळले. तिने विचारले, मग मुलीने सांगितले, आणि भाकरी मिळाली. ती घेऊन मुलगी घरी आली तेव्हा आईला घास गिळण्याची शक्ती उरली नव्हती. त्या दुखण्यातून ती उठली नाही.

'मागणारा निर्लज्ज असतो' असे आपण सहज म्हणतो. रमाबाईंना उभ्या आयुष्यात दुसऱ्यांसाठी लाखो रुपये मागावे लागले. स्वतःसाठी एक भाकरी मागताना मात्र त्यांची वाचा बसली होती.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, गावोगाव बोलल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून विकले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' निघाली आणि तिने दहा वर्षे मदतीची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. १८९३ साली मुली ख्रिस्ती होत असल्याचा गवगवा झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. विश्वासाने दिलेली मुलगी हीही एक प्रकारची ठेवच. मदत घेणाऱ्याने बदल्यात धर्म द्यायचा का, हा प्रश्न त्या दिवसापासून रमाबाईंच्या मागे लागला, तो त्यांच्या मरणानंतरही सुटला नाही.

परंतु १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा या बाईने जे केले ते वादाच्या पलीकडचे आहे. मध्य प्रांतात अन्नान्न करणाऱ्या मुलींना दलाल उचलून नेत आहेत असे कळताच त्या स्वतः तिकडे गेल्या. गाडीभाडे, अन्न, वस्त्र कोठून येणार याचा पत्ता नव्हता. आरंभी थोड्या मुली आणाव्यात असे त्यांच्या मनात होते. अखेर सुमारे तीनशे झाल्या. पुण्यात प्लेग सुरू झाला होता, सरकार नव्या मुलींना शहरात राहू देईना, तेव्हा केडगावच्या माळावर, जेथे फळबाग करायची म्हणून जमीन घेतली होती, तेथे तंबू आणि झोपड्या उठल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरात-काठेवाडच्या मुलींची भर पडून मुक्तिसदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आणि येथे एक मोठी चमत्कारिक गोष्ट झाली. जिने अमेरिकाभर हिंडून मागितले होते, तिने माणसांकडे मागणे सोडून दिले. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. त्याने हजारो अनाथ मुले कोणाकडे वर्गणी न मागता केवळ प्रार्थनेच्या बळावर सांभाळली. बोस्टनच्या मंडळींची दहा वर्षांची हमी संपत आली होती. आता देवाकडे मागायचे, असे रमाबाईंनी ठरवले. आमच्यासारख्या हिशेबी माणसाला हे पटणे कठीण. मुक्तीच्या कामाची पत्रके देशोदेशी जातच होती आणि त्यांतून वाचणाऱ्याला जे कळायचे ते कळत होतेच. तेव्हा मागणे खरोखर बंद झाले होते की त्याने केवळ रूप बदलले होते, असे कोणी विचारले तर ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. पण एवढे खरे की, मुक्तीत कोणी बसून खाल्ले नाही. शेती, गोठा, माग, तेलाचा घाणा, छापखाना. ज्या मुली कोणाच्या दारी हात पसरून मेल्या असत्या त्यांनी खिळे जुळवून पुस्तके छापली. कृपासदन फसवल्या गेलेल्या बायांसाठी, प्रीतिसदन म्हाताऱ्यांसाठी. आंधळ्यांसाठी बोटांनी वाचायची शाळा. आत घेण्याआधी चौकशी फारशी नव्हती. आत आल्यावर काम मात्र प्रत्येकीला होते. येशूचे वचन दारावर आणि पौलाचे आवारात, अशी काही तरी ही व्यवस्था होती. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. मुक्ती अजून चालू आहे.

'भाकरीसाठी ख्रिस्ती झाले' हा टोमणा आपल्याकडे जुना आहे, आणि तो निव्वळ द्वेषातून आलेला नाही. खुद्द मिशनऱ्यांनाही त्याची धास्ती होती. १८७६-७८ च्या दुष्काळात आंध्रातील ओंगोलच्या जॉन क्लाऊ या अमेरिकन मिशनऱ्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने फुकट धान्य वाटण्याऐवजी सरकारकडून बकिंगहॅम कालव्याच्या तीन-साडेतीन मैलांच्या खोदाईचा मक्ताच घेतला आणि उपाशी माणसांना रोजगार दिला. आणि जोवर मदतीचे काम चालू होते तोवर एकाचाही बाप्तिस्मा केला नाही. काम संपले, मग ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ माणसांचा बाप्तिस्मा झाला. टीकाकार म्हणतील, उपकार काही मजुरीबरोबर संपत नाही, आणि त्यात तथ्य आहे. पण पोटाच्या आणि धर्माच्या मध्ये थोडी तरी जागा ठेवावी, एवढे त्या माणसाला सुचले, हेही नोंदवून ठेवावे लागते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा मार्ग या सर्वांहून वेगळा. त्यांना मार्गच नव्हता म्हणा ना! लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' ज्यांच्या घरी वाचले गेले आहे, त्यांना सांगायला नको की, या कवीच्या खिशात पैसा टिकत नसे आणि घरात माणसांचा तोटा नसे. समोरचा मनुष्य खरे बोलतो की खोटे, हा प्रश्न टिळकांच्या मनाला शिवत नसे. तो लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई, कारण संध्याकाळी चूल त्यांना पेटवायची असे. दानशूर नवऱ्याच्या घरात दानाचा खरा भार कोणावर पडतो, हे त्या पुस्तकाइतके हसतहसत कोणी सांगितलेले नाही. कवी बालकवी ठोमरे याच घरात राहून गेले. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगारही सोडला, साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, आणि अनाथाला देणारा हात स्वतःच देवाच्या आणि मित्रांच्या भरवशावर राहिला. दोन वर्षांनी, १९१९ साली ते गेले.

आमच्या भागात मेथडिस्ट मिशनचे मोठे ठाणे बिदरला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे या मिशनचे नाव इकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात असे. या पंथाच्या आरंभकाळी, १७८५ साली, लंडनमध्ये 'परक्यांचे मित्र' अशा अर्थाच्या नावाची एक संस्था निघाली. तिचा नियम मोठा मजेचा: मदत द्यायची ती आपल्या पंथाबाहेरच्यांना, ज्यांचे शहरात कोणी नाही अशा आजारी परक्यांना, आणि ती रस्त्यावर नव्हे, त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन. संस्थापक जॉन वेस्ली याने म्हातारपणी तिचे कौतुक लिहून ठेवले आहे. चौकशीचा अपमान आणि भोळेपणाचे नुकसान, दोन्ही टाळण्याची ही युक्ती. फक्त तिला वेळ लागतो आणि पाय लागतात.

याच पंथाच्या विलायती शाखेचे एक जोडपे निजामाबादकडे आले: जॉर्ज केर आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी इझाबेल. नांदेडहून गोदावरीच्या खोऱ्यातून जी रेल्वे निजामाबादला जाते, तिच्यावर थोडे पुढे डिचपल्ली. महारोगी हा त्या काळी मागणाऱ्यांतही सर्वांत शेवटी उभा राहणारा. त्याला लोक पैसे देत ते तो लवकर दूर जावा म्हणून. १९१५ साली डिचपल्लीला महारोग्यांचे रुग्णालय सुरू झाले. त्याला मोठी देणगी दिली राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थांनी. इझाबेल केर यांनी चालमोगऱ्याच्या जातीच्या तेलाची इंजेक्शने देऊन शेकडो रोग्यांवर उपचार केले. येथे देणारा हिंदू, राबणारी ख्रिस्ती आणि येणारा कोणीही.

कायद्याने हा प्रश्न सोडवायचा एक प्रयत्न केला आहे. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे, आणि त्याच्या व्याख्येत गाऊन, नाचून, भविष्य सांगून पैसे मागणेही भिक्षाच धरले आहे. म्हणजे आपला वासुदेव, गोंधळी, पिंगळा, सगळेच गुन्हेगार! २०१८ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तेथे लागू असलेली याच कायद्याची बरीच कलमे रद्द केली. आपल्याकडे तो कागदावर आहे, वासुदेव दाराशी आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही हे बरेच आहे.

आणखी एक गोष्ट जालन्याची. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील स्कॉटिश मिशनच्या मंडळींनी खडक फोडणारी यंत्रे आणून विंधणविहिरी घ्यायला सुरुवात केली. पाणी लागे, पण वर बसवलेला बिडाचा हातपंप काही आठवड्यांत मोडे. विलायती घरात पाच माणसांसाठी बनवलेली ती वस्तू, आणि येथे तिच्यावर सारे गाव तुटून पडलेले. मिशनच्या कारखान्यातल्या लोकांनी पोलादाचा भक्कम पंप बनवला. त्याला 'जालना पंप' असेच नाव पडले. त्याच्या मागून सोलापूर पंप आला, आणि त्या घडणीवरून १९७७ च्या सुमारास 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तो देशात आणि परदेशात लाखोंनी बसला. पाणी मागणाऱ्याला पैसा देऊन काय उपयोग, हे ज्याने ओळखले त्याला मोडक्या पंपाचा दांडाही हातात घ्यावा लागला.

मागणारे कोण आणि देणारे कोण, ही वाटणी कायमची असते असे आपण धरून चालतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला थोडी मिनिटे असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात ती वाटणी काही क्षणांत पुसली गेली. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे नुकती झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळली. आठ ते दहा हजार माणसे गेली. जे वाचले ते खळ्यावर बलुतेदाराला सुपाने धान्य घालणारे, दारी आलेल्याला भाकरी वाढणारे, घरचे खाऊनपिऊन सुखी शेतकरी होते. सकाळी त्यांच्याजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हते.

मग परके आले. या वेळी परके देणारे होते. लष्कर आले, सरकार आले, ख्रिस्ती संस्था आल्या, शीख, मुसलमान, जैन, हिंदू संस्था आल्या. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. या साऱ्यात खोटे मागणारेही निघाले, आणि फोटोपुरते देणारेही निघाले. रोम आणि अंत्युखियातल्या यादीवाल्यांना यातले काही नवे वाटले नसते. ट्रकमधून फेकलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. त्या ढिगात हात घालायला जुन्या घरांतल्या बाया धजत नव्हत्या, असे त्या बाजूची माणसे सांगतात. रमाबाई त्या ब्राह्मणबाईच्या दारी उभ्या राहिल्या होत्या त्याला तेव्हा जवळजवळ एकशेवीस वर्षे झाली होती.

जी संस्था दोन दिवस थांबली आणि झाडाखाली बसून 'काय हवे' असे विचारू लागली, तिला उत्तर मिळण्यास अडचण नव्हती. कपडे नकोत, असे लोक म्हणत. बैल दगावले होते, बियाणे मातीखाली गेले होते, आणि रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती.